धरमतरच्या खाडीकाठचा खारेपाट

सह्याद्रीत उगम पावून पाली व नागोठणे यांवरून वाहत येणारी अंबा नदी धरमतरच्या खाडीत मिळते. मोठ्या नकाशात ही खाडी बोटभरही भरत नाही. परंतु तिच्या पश्चिमेस, अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात, आपल्या आगरी पूर्वजांनी केलेले कार्य नव्या पिढीस ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खारेपाटाची जमीन निसर्गाने आयती दिलेली नव्हे. चिकण मातीचे बांध घालून भरती अडवावयाची, पावसाने जमिनीतील मीठ धुवावयाचे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून ते पाणी खाडीत सोडावयाचे, असा हा उद्योग. बांधास खांड पडले की उभे भात जाई. शिवाय पुढील दोन-तीन वर्षे जमीन पिकास नालायक होई. म्हणून हाक येताच, शेत कोणाचे हे न पाहता सारा गाव टोपल्या घेऊन धावे. शेजारच्या कोळी बांधवांशी भात व मासळी यांची देवघेव चाले. (तळ्यातला जिताडा मात्र आपलाच, त्याची चव परक्यास सांगून कळावयाची नाही!)

परंतु बांध राखणारा एक आणि पिकाचा धनी दुसरा, अशी खोतीची रीत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सभा भरली व २५ गावांच्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला. शेतकऱ्याने आपण होऊन नांगर खाली ठेवावा, याहून कठीण व्रत कोणते? रानातील लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासे-खेकडे यांवर कुटुंबे जगली. आणि हे महिना-दोन महिने नव्हे, सुमारे सहा वर्षे! आमच्या मते या संपाचा खरा भार घरातील स्त्रियांनी वाहिला; त्यांची नावे मात्र कोठे नोंदली गेली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लढ्यास पाठिंबा दिला व १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने कुळांस संरक्षण मिळाले, १९४८ मध्ये कूळकायदा आला आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

जमीन आपली झाली. बांध मात्र खारभूमीच्या कायद्यांनी हळूहळू सरकारी खात्याकडे गेले आणि टोपली घेऊन धावण्याची सवय सुटली. आज कित्येक फुटलेल्या खारांत भाताऐवजी कांदळवन उभे आहे.

ज्या घरांत संपापूर्वीच्या खंडाच्या पावत्या वा कबुलायती असतील, त्यांनी त्या वाळवीच्या हवाली न करता मंडळाच्या कार्यालयात दाखवाव्यात. नकला उतरून मूळ कागद परत करण्यात येतील.