आणेवारी ते अर्धा गुंठा

१९१८ सालच्या खेडा सत्याग्रहाच्या मुळाशी एका आकड्याचा वाद होता. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पूर्ण पिकाच्या मानाने यंदाचे पीक किती, हे आण्यांत सांगायची रीत होती, आणि ते चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या सालचा शेतसारा पूर्ण तहकूब व्हावा असा इलाख्याचा नियम होता. सरकारी आणेवारी चाराच्या वर गेली होती. शेतकऱ्यांच्या मते पीक चाराच्या आत होते. समाजसेवक अमृतलाल ठक्करांनी जागेवर जाऊन चौकशी केली, गांधीजींनीही केली, तरी सरकारने आपला आकडा सोडला नाही. हा इतिहास आपण सत्ता आणि रयत यांच्या झगड्याचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात आणखी एक उणीव दिसते: दोन्ही पक्षांना मान्य करावेच लागेल अशी पीक मोजण्याची रीतच हाताशी नव्हती. आकडा खरा की खोटा, यापेक्षा तो पडताळता येतो का, हा प्रश्न आधीचा आहे. शेतीच्या आकडेवारीचा इतिहास हेच शिकवतो.

जुन्या पद्धतीत तीन आकड्यांचा गुणाकार होई: पिकाखालचे क्षेत्र, एकरी सर्वसाधारण उत्पन्न आणि यंदाची आणेवारी. यांतला पहिला आकडा रयतवारी मुलखात बराच भरवशाचा होता. प्रत्येक सर्व्हे नंबरला हद्दीचे दगड होते, जमीन तेहतीस फुटी साखळीने मोजलेली होती आणि पीकपेऱ्याची नोंद गावच्या दप्तरात दरवर्षी होई. बंगालमध्ये कायमधाऱ्यामुळे सारा एकदाच ठरलेला होता. शेतवार नोंदी ठेवणारी अशी गावपातळीची यंत्रणा तिथे उभीच राहिली नाही, आणि तिथले क्षेत्राचे आकडेही कच्चे राहिले. उरलेले दोन आकडे मात्र सगळीकडेच नजरेवर चालत. सर्वसाधारण पीक काही प्रांतांत सोळा आण्यांचे धरत, काही प्रांतांत बारा आण्यांचे. म्हणजे एकाच कागदावर मोजलेला आणि अंदाजलेला आकडा शेजारी शेजारी बसत, आणि गुणाकार झाल्यावर कोणता कुठला हे वाचणाऱ्याला कळायची सोय नसे. बाउली आणि रॉबर्टसन या तज्ज्ञांनी १९३४ च्या अहवालात हिंदुस्थानच्या आकडेवारीतल्या अशा उणिवांवर बोट ठेवले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावकामगाराची सारी हयात शिवारात गेलेली. त्याची नजर शहरातून आलेल्या पाहणीवाल्यापेक्षा तयार असणारच. शिवाय कोणी जास्त सांगेल, कोणी कमी. हजारो गावांची बेरीज होताना चुका एकमेकींना खाऊन टाकतील. पण चुका फिटतात त्या दोन्ही बाजूंना सारख्या होणाऱ्या. साऱ्याची वसुली ज्याच्यावर आहे तो पीक चढे सांगेल, सूट ज्याला हवी तो उतरते सांगेल, आणि ज्याला कुणाचाच रोष नको तो दरसाल मधलाच आकडा लिहील. असा एकाच दिशेचा कल हजार गावांच्या बेरजेने जात नाही. बेरीज मोठी झाली की उलट तो अधिक अधिकृत दिसू लागतो. अनुभवी नजर एका शेताबद्दल बरोबर असू शकते, पण दोन तालुक्यांतल्या दोन नजरा एकाच मापाच्या आहेत याची हमी कोण देणार?

यातून वाट निघाली ती शेत निवडण्याचा अधिकार माणसाच्या हातून काढून घेतल्याने. जॉन हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताची अशी नमुना पाहणी केली. पुढे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी, आणि कृषी संशोधन परिषदेत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी ती रीत वाढवली. चिठ्ठी टाकल्यासारखे आकड्यांच्या तक्त्यावरून गाव ठरते, मग सर्व्हे नंबर. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून तक्ता सांगेल तितकी पावले लांबीने आणि तितकी रुंदीने जायचे, तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, आतले पीक कापून मळायचे आणि तोलायचे. सुखात्म्यांच्या पाहण्यांतला हा तुकडा ३३ फूट बाय साडेसोळा फूट असे, म्हणजे बरोबर अर्धा गुंठा.

तुकड्याच्या या मापावरूनच महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात गाजलेला वाद झाला. महालनोबिस लहान वर्तुळे कापत. खर्च कमी, म्हणून जास्त ठिकाणी जाता येते, आणि माणसे नीट तयार केली की चूक आवरते, असे त्यांचे म्हणणे. सुखात्म्यांनी दाखवले की लहान तुकड्यात उत्पन्न नेहमी फुगून येते, कारण कडेवरचे रोप कापणाऱ्याचा हात आत ओढतो. हिशेब करून पाहा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाची कड तीन इंच बाहेर सरकली तर क्षेत्र सुमारे २७ टक्के वाढते. अर्ध्या गुंठ्याच्या चारही कडा तितक्याच सरकल्या तर वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहते. इथे कोणी लबाड नाही, कुणाचा स्वार्थ नाही, तरीही आकडा चुकतो. म्हणून माणूस प्रामाणिक आहे एवढ्यावर आकडा विश्वसनीय ठरत नाही.

आज याच पीक कापणी प्रयोगांवर पीकविम्याची भरपाई ठरते, आणि ५० पैशांच्या आतल्या पैसेवारीवर, म्हणजे आणेवारीच्याच नव्या रूपावर, दुष्काळी सवलती अनेक वर्षे अवलंबून राहिल्या. कोणी म्हणेल, पैसा गुंतला की कुठलीच रीत टिकत नाही. प्लॉट बदलता येतो, वजन वाढवता येते. खरे आहे. पण नजरेच्या अंदाजात लबाडी कुठे झाली हे दाखवायलाच जागा नसते. प्रयोगात गट नंबर लिहिलेला असतो, माप ठरलेले असते, वजन नोंदलेले असते; खोटे करायचे तर ठराविक ठिकाणी करावे लागते आणि तिथेच ते पकडता येते. त्यासाठी ही कागदपत्रे गावापुढे उघडी हवीत आणि कापणीच्या वेळी शेतकरी हजर हवा. आकडा सांगणाऱ्याचा हुद्दा किंवा दशांश चिन्हापुढची घरे पाहून भरवसा ठेवू नये. हा आकडा कसा निघाला आणि तो मला पुन्हा काढून पाहता येईल का, एवढे प्रत्येक शेतकऱ्याने विचारावे आणि सरकारने त्याचे लेखी उत्तर द्यावे. खेड्याच्या रयतेला हे उत्तर मिळायची सोय नव्हती. आज ती आहे, आणि ती वापरणे हा आपला हक्क आहे.