खणाच्या घराला नियम मिळाले तेव्हा
भारतात इमारती लाकडाची प्रत ठरवायची तर त्याला आधी सागाशेजारी उभे करतात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने हा रिवाज पाडला. सागाचे वजन १००, ताकद १००, धक्का सोसण्याची क्षमताही १००. बाकी साऱ्या लाकडांचे आकडे त्या शंभरावरून काढायचे. ठाण्याच्या माणसाला याचा अभिमान वाटायला हवा, कारण हा साग शहापूर-मुरबाडच्या, वाडा-जव्हारच्या रानातला घरचा माणूस. कोपरी-चेंदणीच्या खाडीकाठापासून कल्याणच्या वाड्यांपर्यंत, ऐपत असेल तिथे खांब सागाचा असायचा. नसेल तिथे रानातल्या मेढी आणि कारवीचे कूड.

या घरांचे तंत्र साधे आणि फार विचारी होते. दगडी जोते, जोत्यावर तळखडा, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या. खांबाच्या टोकाला कुसू कोरून तो तुळईच्या भोकात बसवायचा आणि वर लाकडी खुंटी ठोकायची. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे खण मोजून सांगत. छपराचा सारा भार सांगाड्यावर. भिंत केवळ आडोशाला. कोणता खांब किती जाड, हे सुताराच्या हाताला ठाऊक असे आणि तो ते मुलाला कामावरच शिकवी. कागदावर काहीच नव्हते.

कागद आला तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. ६ जानेवारी १९४७ ला भारतीय मानक संस्था अस्तित्वात आली आणि दहा वर्षांत, १९५७ मध्ये, इमारतीतल्या लाकडाच्या आराखड्याची संहिता निघाली: आय.एस. ८८३. तिने लाकडांचे ए, बी आणि सी असे तीन गट केले. शंभराचा मान मिळालेला साग त्यात मधल्या, बी गटात बसतो. त्याच्याहून ताठ आणि बळकट लाकडे आपल्याकडे आहेत; सागाची थोरवी वाळवीला दाद न देण्यात आणि पावसाळ्यानंतरही न वाकण्यात आहे. घरातले लाकूड, उघड्यावरचे लाकूड आणि कायम ओल्या जागेतले लाकूड यांच्यावर किती भार टाकावा याचे आकडेही संहितेने वेगवेगळे दिले. कोकणात घर बांधणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली, तेव्हा लाकडाला तिच्यात स्वतंत्र विभाग मिळाला.

पण लाकडी घराची खरी परीक्षा भूकंपात होते, आणि ती महाराष्ट्राने दिली. १९६७ मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे मानक, आय.एस. ४३२६, प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डिसेंबरात कोयना हादरली. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. लातूर जिल्ह्यातले किल्लारी तेव्हाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. जवळजवळ आठ हजार माणसे गेली.

तिथली घरेही खणाचीच होती, पण भोवती दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. भिंती कोसळल्या. अनेक घरांत मात्र सांगाडा ढिगाऱ्यातून तसाच उभा राहिला आणि त्याच्या आत सापडलेली माणसे वाचली. जिथे सांगाडा कलंडला, तिथे त्याला तिरपा आधार नव्हता. भार खाली नेण्याची विद्या सुताराकडे पुरेपूर होती. आडव्या हिसक्याचा विचार त्याच्या परंपरेत आला नव्हता, कारण त्या भागात पिढ्यान् पिढ्या तो हिसका कुणी पाहिलाच नव्हता. त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

आय.एस. ४३२६ ची दुसरी सुधारित आवृत्ती त्याच वर्षी निघाली. रुरकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांचा तिच्यामागे मोठा हात होता. तिचा नियम: लाकडी घर साधारण दोन मजल्यांचे, वर पोटमाळा चालेल. चौकटीत वीट भरायची तर उभ्या-आडव्या लाकडांबरोबर तिरप्या पट्ट्या हव्यात. मुंबईतल्या चार-चार मजली लाकडी चाळी या नियमापासून किती दूर होत्या! त्यांच्या दुरुस्तीसाठी तर १९६९ मध्ये कायदा करून वेगळे मंडळच काढावे लागले. याच मानकातली आणखी एक तरतूद मला फार आवडते. सांगाडा जोत्याला घट्ट जखडावा, किंवा सपाट जोत्यावर नुसता टेकवावा, म्हणजे जमीन हलली की घर थोडे सरकेल आणि उभे राहील. मात्र पाण्याच्या नळांना तेवढी हालचाल झेपेल अशी सोय ठेवावी. तळखड्यावर नुसता टेकलेला आपला खांब यापासून किती जवळ आहे!

आणि याच १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगले वाचावीत म्हणून आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली. ती उठली २०२० मध्ये. सत्तावीस वर्षे सरकारचे सर्वांत मोठे बांधकाम खाते लाकडापासून दूर राहिले. नियम सुधारले गेले आणि ते पाळून लाकडी घर बांधणारे हात मात्र दारे-खिडक्यांपुरते उरले. जंगल वाचवणे गरजेचेच होते. पण विद्याही सोबत गेली, याची नोंद कुणी घेतली नाही.

२००२ च्या भूकंप नकाशात ठाणे तिसऱ्या पट्ट्यात आहे. किल्लारीचा परिसरही तेव्हाच त्यात घेतला गेला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत संरचनेचा आराखडा राष्ट्रीय इमारत संहितेला धरून करावा लागतो आणि त्या संहितेत लाकडाचा विभाग अजून शाबूत आहे. म्हणून कोपरीतले एखादे जुने लाकडी घर तपासायला जाणाऱ्या इंजिनियरने तो विभाग उघडून जावे. खांबाचा बुडखा ओलीने मऊ झाला आहे का, तुळईतला कुसू अजून घट्ट आहे का, वाळवी कुठवर चढली आहे, हे एकेक सांध्यापाशी थांबून पाहावे, आणि घर ठेवण्याजोगे असेल तर आधी कोपऱ्याच्या खणांत तिरप्या पट्ट्या ठोकून घ्याव्यात.