होमरचे योद्धे बर्फात

सांगलीला विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय आहे. ते १९१९ साली सुरू झाले. लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. या नावावरून महाविद्यालयात काय शिकवतात हे कळत नाही; नाव देणाऱ्यांचा काळ मात्र कळतो. नकाशावरच्या नावांचेही तसेच आहे. जेथे मूळ रहिवासीच नव्हते, त्या अंटार्क्टिकात तर हे फारच स्पष्ट दिसते.

अंटार्क्टिक द्वीपकल्पालगत अँव्हर्स बेट आहे. बेल्जियमच्या मोहिमेने १८९८ मध्ये त्याला आपल्या देशातील एका प्रांताचे नाव दिले. १९५५ साली ब्रिटिश पथकाने बेटावरील बर्फाच्छादित डोंगरांची पाहणी केली. पुढे ब्रिटनच्या नामकरण समितीने होमरच्या ‘इलियड’मधून नावे निवडली. पश्चिमेची रांग ग्रीकांची : अ‍ॅगामेम्नॉन, अकिलीस, नेस्टर. पूर्वेची ट्रॉयवाल्यांची : प्रायम, हेक्टर. दोहोंमधून वाहते ती इलियड हिमनदी! ट्रोजन रांगेतले सर्वांत उंच शिखर मात्र ‘फ्राँसे’. हे शार्को यांच्या १९०३-०५ च्या फ्रेंच मोहिमेतील जहाजाचे नाव. जुने नाव तसेच राहिले.

हा केवळ काव्याचा शौक होता काय? या प्रदेशावर ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली या तिघांचाही दावा होता. पाहणी करणे, नकाशा छापणे, नावे देणे ही दावा पक्का करण्याची साधने होती. म्हणून एकाच द्वीपकल्पाला ब्रिटिश ग्रॅहम लँड म्हणत, तर अर्जेंटिना सान मार्टिनची आणि चिली ओ'हिगिन्सची भूमी म्हणे. १९५९ च्या अंटार्क्टिक करारामुळे हे दावे जेथल्या तेथे गोठले.

आपणही तेथे नावे दिली आहेत. ६ डिसेंबर १९८१ रोजी पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभे राहिले. नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत या मोहिमेत होत्या. ते केंद्र बर्फाखाली गाडले गेले. पुढे ‘मैत्री’ आणि २०१२ मध्ये ‘भारती’ आले. ग्रीक पुराणे शिकलेल्यांना अकिलीस आठवला, आपल्याला गंगेचा उगम आठवला. फरक एवढाच, की भारताने तेथील भूमीवर दावा सांगितलेला नाही.

वर्गात नकाशा उघडला की नाव पाठ करून घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत असे आम्हांला वाटते : हे नाव कोणी दिले, आणि कशासाठी? भूगोलाच्या तासाला इतिहास आपोआप सुरू होईल.