साडेचार किलो चीज आणि एक खापर

पिठाच्या पारीत चीज गुंडाळून भाजणे ही पार्ट्यांतली फ्रेंच धाटणीची चैन समजली जाते. कागदोपत्री मात्र ती शेतघराच्या चुलीवर सापडते. इ. स. पूर्व 160 च्या सुमारास रोमन मुत्सद्दी कॅटोने शेतीवर पुस्तक लिहिले. ऑलिव्ह, द्राक्षमळा आणि गुलामांचा शिधा यांच्या पंक्तीला त्यात ‘प्लासेंटा’ची कृती आहे. मेंढीचे ताजे, आंबट नसलेले चीज 14 रोमन पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो. ते भिजवायचे, तीनदा पाणी बदलायचे, हातांनी घट्ट पिळून चाळणीतून घासायचे आणि मधात कालवायचे. खाली गव्हाची पारी, तिच्यावर पातळ पोळ्या व चीज यांचे थर, शेवटी पारीच्या कडा वर दुमडायच्या. तापलेले खापर पालथे घालून वर-भोवती निखारे रचायचे.

हे पक्वान्नही जमलेल्या मंडळींसाठीच असावे, असे मला वाटते. कॅटो पाहुण्यांचा उल्लेख करत नाही, हा आक्षेप खरा. पण एवढे ताजे चीज टिकत नाही. ते खायला बरीच तोंडे हवीत, आणि कॅटोसारखा चिकट माणूस नासाडीसाठी कृती लिहील हे पटत नाही. हे पक्वान्न गोड होते, मग आजच्या खाऱ्या पदार्थाशी त्याचा काय संबंध, असेही विचारता येईल. थेट वंशावळ मीही सांगत नाही. ब्योरेक या चीज भरलेल्या तुर्की पदार्थाच्या कागदासारख्या पातळ पोळ्यांचे मूळ काही अभ्यासक रोमऐवजी मध्य आशियातल्या भटक्यांकडे शोधतात, आणि ते मला पटते. साम्य येते ते गरजेतून: तापलेले ओले चीज पाझरते, त्याला पिठाचा बांध लागतो.