ईव्ह ऑनलाइनमधील युद्धतंत्र : काळाच्या गतीचा प्रश्न

युद्धेतिहासाच्या अभ्यासकाने संगणकावरील खेळाकडे वळावे, हे काहींस अनुचित वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या खेळात हजारो माणसे एकाच रणक्षेत्रावर परस्परांशी लढतात, ज्यातील हानी भरून काढण्यास महिनेच्या महिने श्रम करावे लागतात, आणि ज्यातील डावपेच वीस वर्षांच्या अवधीत अनेकदा मुळापासून बदलले, तो खेळ आमच्या मते युद्धतंत्राच्या अभ्यासाचा विषय ठरतो. आइसलंडमधील रेकयाविक येथील सीसीपी या कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा तो खेळ होय. चीनमधील स्वतंत्र आवृत्ती वगळता जगभरचे सारे खेळाडू एकाच अवकाशात वावरतात. नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. विम्याची भरपाई अंशतःच होते. या खेळातील तंत्राचे विवेचन बहुधा जहाजे व शस्त्रे यांच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या तंत्राच्या इतिहासातील खरी संक्रमणे शस्त्रांमुळे जितकी झाली, त्याहून अधिक काळाच्या गतीमुळे झाली.

प्रथम लहान चकमकीचा विचार करू. दोन जहाजे समोरासमोर आली असता पहिला प्रश्न मारण्याचा नसून धरून ठेवण्याचा असतो; कारण हरू लागलेला खेळाडू ‘वार्प’ करून, म्हणजे अतिशीघ्र उड्डाण करून, क्षणात दूर जातो. ते उड्डाण रोखणारे यंत्र सुमारे २० ते २४ किलोमीटरपर्यंतच चालते. त्याहून प्रभावी परंतु अगदी जवळूनच चालणारे दुसरे एक यंत्र आहे, आणि वेग मंदावणारे तिसरे. त्यामुळे आपण कोणत्या अंतरावर लढणार, याचा निर्णय पहिली तोफ उडण्यापूर्वीच करावा लागतो. तोफेचा नेम हा येथे गणिताचा भाग आहे. शत्रू आपल्याभोवती किती कोनीय वेगाने फिरतो, त्याचा आकार किती आणि तोफ किती त्वरेने वळते, यांच्या गुणोत्तरावर नेम लागण्याची शक्यता ठरते. म्हणूनच मोठ्या तोफांचे अवजड जहाज आपल्या अगदी निकट घिरट्या घालणाऱ्या लहान जहाजापुढे पुष्कळदा हतबल होते. २००८ पर्यंत या तत्त्वाचा अतिरेक झाला. अतिवेगवान जहाजांना कोणी धरू शकेना, तेव्हा त्या वर्षाच्या अखेरीस नियमच बदलण्यात आले आणि निकटचे रोधक यंत्र शत्रूचा वेगवर्धकही बंद पाडू लागले.

हे वाचून मराठी वाचकास गनिमी काव्याचे स्मरण होईल. परंतु हे साम्य फार ताणू नये. गनिमी काव्यामागे घाट, किल्ले, पावसाळा आणि दाणावैरण यांचे शास्त्र उभे होते. या अवकाशात घाट नाहीत की पावसाळा नाही. सात हजारांहून अधिक तारामंडळांपैकी बहुतेकांना जोडणारी द्वारे एवढाच काय तो भूगोल.

मोठ्या आरमारी लढाईत मात्र वैयक्तिक हस्तकौशल्याचे महत्त्व झपाट्याने कमी होते. तेथे सेनानायक ध्वनिसंवादावरून एका शत्रुजहाजाचे नाव उच्चारतो आणि शेकडो खेळाडू त्याच एका लक्ष्यावर मारा करतात. प्रतिपक्षाची दुरुस्ती-जहाजे त्या पीडित जहाजास लगोलग सावरू पाहतात. पण दुरुस्ती करण्यासाठीही आधी ते जहाज लक्ष्यबद्ध करावे लागते व त्यास काही सेकंद लागतात. या काही सेकंदांतच साऱ्या तंत्राचे मर्म साठलेले आहे. मंद परंतु प्रचंड आघाताच्या तोफांनी सज्ज असे आरमार एकाच फैरीत लक्ष्य नष्ट करते, आणि दुरुस्तीची यंत्रणा कितीही बळकट असली तरी तिला अवसरच मिळत नाही. सरासरी मारा अधिक असलेली जहाजे सोडून सेनानायकांनी एका फैरीचा आघात मोठा असलेली जहाजे का निवडली, याचे उत्तर येथे सापडते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आरंभीच्या वर्षांत एका तारामंडळात शेकडो खेळाडू जमले की सर्व्हर त्यांचा भार सोसू शकत नसे. दिलेली आज्ञा मिनिटेच्या मिनिटे अमलात येत नसे, तर नव्याने येणाऱ्यास रणक्षेत्र दिसण्यापूर्वीच मरण येई. त्यामुळे रणक्षेत्रावर आधी पोहोचून तेथे स्थिर होणे हाच एक डाव ठरला. यंत्राची दुर्बलता हे ज्याचे सैन्य आधी आले त्याच्या हातातील शस्त्र होते. यावर उपाय म्हणून कंपनीने २०११-१२ च्या सुमारास ‘टाइम डायलेशन’ची योजना अमलात आणली. भार वाढताच त्या तारामंडळातील घड्याळच मंद होते. अगदी मूळ गतीच्या एक दशांशापर्यंत. आज्ञा उशिरा का होईना, क्रमाने पाळल्या जाव्यात, एवढाच यामागील हेतू होता.

हेतू यांत्रिक होता, परिणाम मात्र युद्धशास्त्रीय झाला. रणक्षेत्रात काळ दहापट मंद, तर दूरच्या तारामंडळांत तो बहुधा नेहमीच्या गतीने चाललेला. वीस मिनिटांचा प्रवास करून येणारी कुमक लढाईच्या घड्याळाने दोनच मिनिटांत पोहोचते. पूर्वी अकस्मात हल्ला करून मदत येण्यापूर्वी निसटणे मोठ्या लढाईतही शक्य होते. आता लढाई जितकी मोठी, तितकी तिची गती कमी, आणि गती जितकी कमी, तितकी कुमक अधिक. कचेरीतून घरी परतलेला, झोपेतून उठवलेला, निराळ्या खंडातील खेळाडूही वेळेवर येऊ लागला. चातुर्याहून संघटना श्रेष्ठ ठरू लागली, ती येथून.

२७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी या तारामंडळात झालेले युद्ध याचे सर्वोत्तम उदाहरण होय. त्या तारामंडळावरील स्वामित्वाचे देणे वेळेवर भरले गेले नाही, स्वामित्व संपुष्टात आले आणि प्रतिपक्ष तत्काळ आत शिरला. एका बाजूस एन-थ्री व पँडेमिक लीजन, दुसऱ्या बाजूस सीएफसी व तिचे रशियन सहकारी होते. निर्णय टायटन या महाकाय जहाजांवर अवलंबून होता. एकेक टायटन बांधण्यास कित्येक आठवडे लागतात. २००९ पर्यंत त्याचे महाअस्त्र आसमंतातील सर्वांवर एकदम आघात करी. त्या वर्षीच्या बदलानंतर ते एकाच लक्ष्यावर चालू लागले, आणि दोन प्रयोगांत दहा मिनिटांचे अंतर असे. दहापट मंद काळात ही दहा मिनिटे शंभर मिनिटे होतात. म्हणजे प्रत्येक फैरीनंतर उभय पक्षांस दीड तासाहून अधिक अवधी मिळे, आणि त्या अवधीत ज्याची माणसे अधिक जागी होत, त्याची पुढील फैर अधिक जड होई. उलट, गमावलेला प्रत्येक टायटन पुढच्या फैरीतून वजा होत असल्याने आरंभीची लहानशी तूट उत्तरोत्तर वाढत जाई. एकवीस तासांनी, सर्व्हरच्या दैनंदिन विरामाच्या वेळी युद्ध थांबले, तेव्हा ७५ टायटन नष्ट झाले होते. त्यांपैकी ५९ एन-थ्री व पँडेमिक लीजन यांच्या बाजूचे. ७,५०० हून अधिक खेळाडूंनी यात भाग घेतला आणि एकूण हानीचे मूल्य सुमारे ३ लाख डॉलर धरण्यात आले.

या विषयाच्या साधनांबद्दल येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कोणतेही जहाज नष्ट होताच त्याचा अहवाल यंत्रात आपोआप तयार होतो : कोणाचे जहाज, त्यावर काय जडवलेले होते, कोणी मारले, केव्हा. आमच्या कोणत्याही बखरीस वा दफ्तरास अशी पूर्णता लाभलेली नाही. परंतु या अहवालांत बी-आर५आरबी येथील चुकलेले देणे कोठेही दिसत नाही, की पहाटे उठून बसलेला खेळाडूही दिसत नाही. ३० डिसेंबर २०२० रोजी एम२-एक्सएफई येथे झालेल्या संग्रामात २५७ टायटन नष्ट झाले. पुढे काही दिवसांतच, जानेवारी २०२१ च्या आरंभी, आक्रमक पक्ष तेथे पुन्हा उतरला असता काळ मंदावूनही सर्व्हरला भार सोसवला नाही. त्या पक्षाच्या अनेकांना रणक्षेत्र दिसलेच नाही, आणि त्यांची जहाजे मात्र मारली गेली. त्यांचे अहवाल इतर सर्व अहवालांसारखेच आहेत.