समासातली माणसं

फ्रेमच्या दुकानात चित्र टाकलं की दुकानदार दोन प्रश्न विचारतो. पट्टी कुठली? आणि माउंट लावायचा का? पट्टी म्हणजे बाहेरची चौकट, ती सगळ्यांना कळते. माउंट म्हणजे चित्र आणि पट्टी यांच्यामधला तो पांढरा किंवा मोतिया रंगाचा जाड पुठ्ठा. त्याच्या मधोमध खिडकी कापलेली असते आणि त्या खिडकीतून आपण चित्र बघतो. चित्राकडे बघताना पुठ्ठ्याकडे लक्ष जाऊ नये, यातच त्याचं यश.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. या पुठ्ठ्याच्या इतिहासाच्या नादी लागलो, कारण गेल्या तीसेक वर्षांत तो कापायला कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली. माझा धंदा आणि फ्रेमवाल्याचा धंदा तिथे एकमेकांना भेटतात. अशी भेट झाली की कुणाचं काम जातं, कुणाचं बदलतं आणि निर्णय कुणाच्या हाती राहतो, हे मला बघायचं होतं. त्यासाठी बरंच मागे जावं लागलं.

बादशहाचा समास

चित्राभोवती मुद्दाम जागा सोडायची आणि ती सजवायची, ही कल्पना आपल्याकडे मुघलांच्या चित्रशाळेत कळसाला पोचली. तिथे सुटी चित्रं आणि सुलेखनाचे नमुने जाड कागदावर चिकटवून त्यांचे ग्रंथ बांधत. अशा ग्रंथाला मुरक्का म्हणत आणि चित्राभोवतीच्या समासाला हाशिया. जहांगीरच्या मुरक्क्यातल्या हाशियांवर सोन्याच्या रेषांत फुलं, पक्षी, प्राणी, माणसं आहेत. मधल्या चित्राइतकीच मेहनत कडेला घेतलेली दिसते.

यातलं एक पान वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. काळ साधारण १६०० च्या सुमाराचा. मध्ये सुलेखन आणि समासात पुस्तक तयार करणारे कारागीर. कुणी कागद घोटतोय, कुणी पुस्तकाच्या कडा कापतोय, कुणी लिहितोय. ज्यांच्या हातांनी पान बनलं, ते त्याच पानाच्या कडेला बसलेत.

युरोपात त्याआधीच, सोळाव्या शतकात, जॉर्जिओ वसारी हा चित्रकार आणि चरित्रकार जुन्या उस्तादांची रेखाटनं जमवत होता. ती मोठ्या कागदांवर चिकटवून त्यांच्याभोवती खांब, कमानी, कोनाडे अशा शाईच्या चौकटी काढल्या जात. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये प्येर-झाँ मारियेत (१६९४–१७७४) हा मुद्राचित्रांचा व्यापारी आणि संग्राहक होऊन गेला. त्याचे माउंट निळ्या कागदाचे. चित्राभोवती बारीक शाईच्या रेघा, सोनेरी पट्टी आणि खाली छोट्या चौकटीत चित्रकाराचं नाव. आजही एखाद्या संग्रहालयात तसला निळा कागद दिसला की जाणकार ओळखतात, हे रेखाटन मारियेतकडे होतं. समासावरून मालक कळतो. त्या रेघा ज्याने आखल्या, तो मात्र कळत नाही. मुघल पानात कडेला का होईना, कारागीर होता. इथे तोही उरला नाही.

काच, पाऊस आणि आम्ल

एकोणिसाव्या शतकात माउंट राजवाड्यातून आणि संग्राहकाच्या कपाटातून मध्यमवर्गीय घरात आला, तो फोटोमुळे. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डॅगेरोटाइप फोटोंचा पृष्ठभाग इतका नाजूक होता की बोट लागलं तरी खराब व्हायचा. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये पितळी पत्र्याची खिडकी घालत. माउंटचं हे खरं काम: चित्राला काचेपासून लांब ठेवणं. आपल्याकडच्या पावसाळ्यात याचं महत्त्व जास्तच. काचेला थेट टेकलेला फोटो दमट हवेत तिला चिकटतो आणि सोडवायला गेलं की त्याचा थर काचेवरच राहतो.

मग छापील चित्रं आली. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घरोघरी पोचल्या. भिंतीवर लागायची तर चित्राला काच हवी, चौकट हवी. देव घरात येताना वाटेत फ्रेमवाल्याकडे थांबू लागले.

मागणी वाढली तसा पुठ्ठा स्वस्त झाला. चिंध्यांच्या लगद्याऐवजी लाकडाचा लगदा आला आणि त्याबरोबर आम्ल. जुना माउंट काढला की चित्रावर खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ दिसते, ती या आम्लाने भाजल्याची खूण. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी कागद ठिसूळ होण्यामागे आम्लाचा मोठा हात असल्याचं दाखवलं. त्यानंतर संग्रहालयांनी आम्लविरहित पुठ्ठ्याचा आग्रह धरला. ज्याला राखणदार म्हणून बसवलं, तोच आतून चोरी करत होता.

दीड मिलिमीटरचं कसब

माउंटची खिडकी सरळ कापत नाहीत. पातं ४५ अंशांत तिरकं धरतात, म्हणजे आतल्या कडेला पुठ्ठ्याच्या गाभ्याची पांढरी, उतरती रेघ दिसते. नजर त्या उतारावरून घरंगळत चित्रात जाते. दिसायला साधं, पण भूमिती बघा. पुठ्ठा साधारण दीड मिलिमीटर जाड. पातं तिरकं असल्यामुळे वरची कापाची रेघ आणि खालची रेघ यांत तेवढंच अंतर पडतं. कोपऱ्यात दोन काप वर आणि खाली, दोन्हीकडे नेमके भेटायला हवेत. पातं जरा पुढे गेलं तर कोपऱ्याबाहेर ओरखडा उमटतो. जरा आधी थांबलं तर मधला तुकडा निघत नाही आणि ओढला की कोपरा फाटतो. शिवाय पातं वाकतं, बोथट होतं आणि पुठ्ठा दमट असेल तर वेगळंच वागतं.

ही साध्या चौकोनाची गोष्ट. कोपऱ्यांना नक्षी, मध्ये कमान, एकाच पुठ्ठ्यात नऊ फोटोंसाठी नऊ खिडक्या, खाली कापून काढलेली अक्षरं, असं काही मागितलं की हाताने कापणारा दहा वेळा विचार करायचा. अठ्ठाविसाव्या कापाला हात हलला तर आधीचे सत्तावीसही वाया.

आकड्यांवर चालणारं पातं

या पात्याला आकड्यांवर चालवायची विद्या हेलिकॉप्टरच्या कारखान्यातून आली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याचा वक्र आकार अचूक हवा, म्हणून त्यांनी आणि फ्रँक स्टुलेन यांनी वक्रावरचे बिंदू आकडेमोड करून काढायला सुरुवात केली. सुरुवातीची पद्धत ऐकून मला हसू आलं. एक माणूस तक्त्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचा, दुसरा एका दिशेचं चाक फिरवायचा, तिसरा दुसऱ्या दिशेचं. तीन माणसं मिळून एक कॉम्प्युटर! १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने पैसे दिले, एमआयटीची प्रयोगशाळा कामाला लागली आणि १९५२ मध्ये छिद्रांच्या कागदी फितीवरून आकडे वाचणारं यंत्र लोकांसमोर चाललं. वाचणारा गेला आणि चाकं फिरवणारे दोघेही गेले.

त्याच सुमारास दुसरी एक वाट उपलब्ध होती. कुशल कामगाराने एक नग हाताने बनवायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा पुन्हा करायच्या. जनरल इलेक्ट्रिकने तसं यंत्र बनवलंही होतं. ती वाट मागे पडली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या पुस्तकात म्हटलंय की यामागे फक्त तंत्राची कारणं नव्हती. एका वाटेवर कसब कामगाराकडे राहत होतं, दुसरीवर ते कार्यालयातल्या आराखड्याकडे जात होतं आणि व्यवस्थापनाला दुसरी हवी होती. इंजिनिअर म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. विमानाचे काही वक्र भाग कुठल्याच हाताला पुरेशा अचूकतेने जमले नसते, मग नोंदवणार काय? पण निवड झाली होती, हे नोबल यांचं म्हणणं मला पटतं. यंत्र कुठल्या दिशेने वाढेल, हे यंत्र ठरवत नाही.

त्यानंतर पातं धातूवरून मऊ वस्तूंकडे वळलं. व्हिएन्नात जन्मलेला आणि नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत पोचलेला जोसेफ गर्बर यात अग्रणी. विद्यार्थी असताना त्याने पायजम्याच्या इलॅस्टिकवर खुणा करून ताणता येणारी मोजपट्टी बनवली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या कंपनीने कापडाचे थर आपोआप कापणारं यंत्र आणलं आणि १९८० च्या दशकात पाट्यांसाठी चिकटपट्टीची अक्षरं कापणारं. आपल्या गावातलं रेडियमचं दुकान आठवा. रिक्षाच्या मागे ‘आईचा आशीर्वाद’ कापून देणारा तो छोटा प्लॉटर याच घराण्यातला. आणि त्या अक्षरांची गोलाई ज्या गणिताने साठवतात, ते फ्रान्सच्या मोटार कारखान्यांतून आलं: सित्रोएनमध्ये द कास्तेलजो आणि रेनॉमध्ये बेझिए. हेलिकॉप्टरचं पातं, मोटारीचा पत्रा, शिंप्याचं कापड आणि रिक्षाची पाटी एवढा प्रवास करून ही विद्या १९९० च्या दशकात फ्रेमच्या दुकानात शिरली. अमेरिकेची विझार्ड, स्वित्झर्लंडची गुन्नार, इटलीची वालियानी ही त्या यंत्रांमधली नावाजलेली नावं.

नक्षी फुकट झाली तेव्हा

हे यंत्र म्हणजे एक मोठं टेबल, वर दोन दिशांना सरकणारं डोकं आणि डोक्यात तिरकं पातं. पडद्यावर बाहेरचं माप, खिडकीचं माप आणि समास भरायचे, संग्रहातली नक्षी निवडायची, पुठ्ठा अडकवायचा, बटण दाबायचं. कोपऱ्यावर पातं उचललं जातं, वळतं, पुन्हा नेमक्या जागी उतरतं. पुठ्ठा किती जाड आणि काप किती पुढे न्यायचा, हे आधी भरलेलं असतं. कारागिराच्या मनगटात वर्षानुवर्षं मुरलेली गोष्ट इथे एका रकान्यातला आकडा होते. नऊ खिडक्यांची मिजास संपली. काही यंत्रांत पात्याच्या जागी पेन बसवता येतं आणि ते चित्राभोवती बारीक रेघा आखतं, अगदी मारियेतच्या माउंटसारख्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस नक्षीवर तुटून पडला होता. नक्षी म्हणजे वाया गेलेली मेहनत, वाया गेलेलं आयुष्य आणि नक्षीकाराला त्याचा मोबदलाही मिळत नाही, असा त्याचा युक्तिवाद. आता नक्षीला मेहनतच लागत नाही, तर लोसचं काय करायचं? परदेशी फ्रेमवाल्यांचे माउंट बघितले की उत्तर थोडं कळतं. पहिल्या उत्साहात प्रत्येक कोपऱ्यात वेलबुट्टी, हृदय, फुटबॉल, बाळाचं नाव. सगळं अचूक आणि बरंचसं अनावश्यक. पूर्वी महाग म्हणून माणूस थांबायचा. आता थांबायचं कुठे, हेच कसब झालं.

‘हिला ठेवायचं की झाकायचं?’

पुण्यात पेठेतल्या एका दुकानात असं यंत्र आहे. मालकांचं वय साठीच्या पुढे, निम्मं आयुष्य हाताने कापण्यात गेलेलं. आमच्या घरातला पणजोबांचा जुना फोटो मी त्यांच्याकडे नेला. पणजोबा खुर्चीत बसलेत, शेजारी पणजी उभी आणि खुर्चीच्या पाठीवर उजवीकडून आलेला एक हात. त्या हाताबद्दल घरात कधी कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी मागचा कागद फाडला, खिळे काढले, माउंट उचलला. खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ होतीच. रेघेच्या आत फोटो फिकट आणि बाहेर, इतकी वर्षं पुठ्ठ्याखाली झाकलेल्या पट्ट्यात, गडद. त्या गडद पट्ट्यात नऊवारीतली एक तरुण बाई उभी होती. कपाळ मोकळं. हात तिचा.

आजीला फोटो पाठवला तर म्हणाली, “अगंबाई, या तर माईआत्या. लवकर माघारी आल्या होत्या ना.” माउंट लावताना कुणी मुद्दाम झाकलं, की दुकानात तयार असलेल्या खिडकीत तेवढंच बसलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

काकांनी फोटोचं माप यंत्रात भरलं. सॉफ्टवेअर चारही कडांनी ठरावीक पट्टी झाकून खिडकी सुचवतं, नाहीतर फोटो मागून निसटेल. त्या हिशेबात माईआत्यांचा खांदा आणि अर्धा चेहरा पुन्हा पुठ्ठ्याखाली गेला असता. काकांनी पडद्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि मला विचारलं, “हिला ठेवायचं की झाकायचं?”

“ठेवायचं.”

त्यांनी उजवीकडचा आकडा कमी केला. फोटो निसटू नये म्हणून मागून पातळ कागदाच्या पट्ट्यांनी आधार दिला. खालचा समास वरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवला. कारण विचारलं तर म्हणाले, “सारखा ठेवला तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं.” नक्षी नको म्हणाले, माझं मतही विचारलं नाही. यंत्राने एक मिनिटही घेतलं नाही.

माझ्या क्षेत्रात अशा आधीच भरलेल्या आकड्याला डिफॉल्ट म्हणतात. तो आम्हीच कुठेतरी बसून भरतो, सगळ्यांच्या सोयीसाठी, कुणाचाही फोटो न बघता. यंत्र बनवणाऱ्यांचा त्यात दुष्टावा नसतो. त्या पेठेतल्या जुन्या कारागिराचाही कदाचित नसेल. पण कडेला उभी असलेली माणसं बहुतेक वेळा अशाच ठरावीक पट्टीखाली जातात.

तुमच्या घरात जुनी फ्रेम असेल तर ती एखाद्या चांगल्या फ्रेमवाल्याकडून उघडून घ्या. माउंट आम्लविरहित आहे का विचारा, नसेल तर बदला. आणि नवा कापायच्या आधी जुन्याच्या खाली काय आहे ते बघा. माप त्यानंतर द्या.