वांचलेल्या ऊर्जेचा हिशेब

घरखर्चाचा जमाखर्च ठेवावा, ही शिकवण आपल्याकडे जुनीच आहे. परंतु इमारतींत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जमाखर्च मांडण्याची पद्धत अलीकडची होय. तिचें मूळ मात्र इमारतींत नसून खाणींत आहे, याकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेम्स वॉट व त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांस वाफेचीं यंत्रें दिलीं, तीं एका विलक्षण करारावर. न्यूकोमेनच्या जुन्या यंत्राच्या मानानें जितका कोळसा वांचेल, त्याच्या किंमतीचा एक-तृतीयांश भाग त्यांनी घ्यावयाचा. अर्थात् न जळलेला कोळसा मोजणें प्राप्त झालें. त्यासाठीं यंत्राचे हेलकावे नोंदणारें गणकयंत्र कुलुपांत बसविण्यांत आलें. पुढें हा भाग देणें खाणवाल्यांस जड वाटूं लागलें व तंटे न्यायालयांत गेले. तथापि बचत मोजतां येते, एवढें सिद्ध झालें. वॉटचें पेटंट १८०० सालीं संपलें. १८११ पासून, एक बुशेल कोळशांत कोणतें यंत्र किती काम करतें, याचे मासिक तक्ते कॉर्नवॉलांत प्रसिद्ध होऊं लागले. आणि एकाचें काम दुसऱ्यास दिसूं लागतांच पुढील कांहीं दशकांत यंत्रांची कार्यक्षमता कितीतरी वाढली.

तेल स्वस्त झाल्यावर मात्र हा धडा विसरला गेला. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाची किंमत कांहीं महिन्यांतच सुमारें चौपट झाली, तेव्हां शाळा, इस्पितळें व नगरसभांचीं कार्यालयें यांच्या बिलांकडे राज्यकर्त्यांची दृष्टि वळली. अमेरिकेनें १९७८ च्या कायद्यानें अशा इमारतींच्या तपासणीस द्रव्यसाहाय्य दिलें.

परंतु नगरसभेच्या घरीं एक निराळीच अडचण असते. दिवा मालवणारा कारकून एक, बिल भरणारें खातें दुसरें आणि पैसा करदात्याचा! ज्या खात्यानें काटकसर करावी, त्याचीच पुढील सालची तरतूद कापली जावी, असा प्रकार घडल्यास काटकसर कोण करील? जर्मनींतील श्टुटगार्ट नगरानें १९९५ सालीं यावर उपाय योजिला. नगराच्या पर्यावरण खात्यानें इतर खात्यांच्या इमारतींच्या सुधारणेस स्वतःच्या निधींतून पैसा द्यावा, व बिलांत जी बचत होईल ती मुद्दल फिटेपर्यंत त्याच निधींत परत यावी. पुढील बचतीचा लाभ अर्थातच त्या खात्यास. ही वॉटच्याच कराराची सार्वजनिक आवृत्ति नव्हे काय?

आपल्याकडे २००१ च्या ऊर्जासंवर्धन कायद्यानें ऊर्जा-लेखापरीक्षणाची व्याख्या केली. तींत केवळ मोजणी नाहीं. शिफारशी, त्यांचा खर्च व लाभ, आणि अंमलबजावणीची योजना इतक्या सर्वांचा अंतर्भाव आहे. परीक्षकानें बिलें व क्षेत्रफळ पाहावें, रिकाम्या इमारतींत रात्रीं मीटर कां फिरतो हें शोधावें, दिवे, पंप व वातानुकूलन यंत्रें तपासावीं, हें सर्व ठीकच. पण अहवाल कपाटांत गेला कीं सारें व्यर्थ होतें. म्हणून आमच्या मतें प्रत्येक सार्वजनिक इमारतीचा दर चौरस मीटरमागील खर्च दरसाल प्रवेशद्वारापाशींच लावावा. कॉर्नवॉलच्या तक्त्यांनीं जें साधलें, तें दोन शतकांनंतर आमच्या नगरांस अशक्य कां असावें?